मदत हवी आहे: वरच्या दाढेच्या जागी हाड फक्त ४ मिमी, इम्प्लांट किती टिकेल?

खाडीकाठ:
आईसाठी विचारतोय. वय ६३, देवगडजवळ गावी असते. वरची डावी पहिली मोठी दाढ काढून सहा वर्षं झाली. सीबीसीटीत (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये) हाडाची उंची ४ मिमी, रुंदी ७. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. मशेरी दिवसातून दोनदा. डॉक्टर सायनस लिफ्ट करून, म्हणजे दाढेवरच्या हवेच्या पोकळीचं (सायनसचं) अस्तर उचलून, खाली हाडाची पावडर भरू म्हणतात. गणपतीनंतर मुंबईला आणलं तर दिवाळीपर्यंत उरकेल का? दहा वर्षं तरी टिकावं. आणि पावडर कशाची असते? आई विचारणारच.

सुरंगी:
दिवाळी विसरा. दाढ गेली की वरून सायनस खाली उतरतो आणि खालून हाड झिजतं, म्हणून ४ मिमी उरलंय. एवढ्यात बाजूने खिडकी पाडून सायनसचं अस्तर उचलावं लागतं. स्क्रूला, म्हणजे इम्प्लांटला, तिथेच घट्ट पकड मिळाली तर काही सर्जन त्याच बैठकीत बसवतात. पण ही साखर बघता दोन टप्पे बरे. गणपतीनंतर ग्राफ्ट (पावडर भरणं), शिमग्याच्या सुमारास स्क्रू, पुढच्या गणपतीला कॅप (वरचा कृत्रिम दात). तेही एचबीएवनसी आधी ७ च्या आसपास आलं तर.

पावडर बऱ्याचदा गाईच्या हाडापासून केलेली असते, त्यामुळे आधीच विचारा. कृत्रिम मिळते (हायड्रॉक्सीअपटाइट, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट) आणि सायनसमध्ये चालते. मात्र वर झाकायचा कोलॅजनचा पडदाही गाईचा किंवा डुकराचा असू शकतो, तो विचारायचं लोक विसरतात. त्याऐवजी स्वतःच्या रक्तातून काढलेला पीआरएफ (फायब्रिनचा पडदा) वापरता येईल का, हेही विचारा.

कुपा:
दहा वर्षांनी साधारण ९५ टक्के इम्प्लांट तोंडात असतात, पण ‘तोंडात असणं’ म्हणजे ‘चांगलं असणं’ नव्हे. पू येतोय, हाड उतरतंय, तरी स्क्रू हललेला नाही, असाही त्या आकड्यात मोजला जातो. आणि तो आकडा मशेरी लावणाऱ्यांचा नव्हे. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, ग्राफ्ट उघडा पडतो. आधी महिनाभर बंद आणि नंतर कायम बंद. हे जमणार नसेल तर ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) बघा. शेजारच्या दातांना आधीच कॅप असतील तर ब्रिज मुळीच वाईट नाही.

हाडं ठिसूळ म्हणून आईला आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन चालू आहे का? असेल तर सर्जनला सांगितल्याशिवाय चाकू लावू देऊ नका. जबड्याचं हाड कुजायचा धोका असतो.

खाडीकाठ:
गोळी नाही, फक्त मेटफॉर्मिन. ऑपरेशननंतर गावी कधी नेऊ?

सुरंगी:
टाके ७ ते १४ दिवसांनी निघतात, तोवर मुंबईतच ठेवा. पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. शहाळं नळीने नको, ग्लासात ओतून. चुलीवर फुंकणी अजिबात नको, फुंकण्याच्या दाबाने अस्तर फाटून पावडर सायनसमध्ये सांडते. नाकातून पावडरचे कण आले किंवा घाण वास आला तर लगेच फोन. जेवायला कोमट पेज, कुळथाची पिठी, मऊ भात. भाकरी आणि सुका जवळा नंतर.

कुपा:
गावी परतताना इम्प्लांटचं कार्ड हातात असू द्या: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. दोन वर्षांनी कॅप हलू लागली की बहुतेकदा कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो. पण बऱ्याच कंपन्यांचा ड्रायव्हर (स्क्रू उघडायचं हत्यार) वेगळा असतो, आणि कार्ड नसेल तर कुडाळ-कणकवलीचा डॉक्टर काय घालून उघडणार? त्याच कारणाने कॅप सिमेंटची नको, स्क्रूने बसणारी मागा. सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथेच सूज धरते.

कॅप बसल्या दिवशी एक्स-रे काढून जपून ठेवा. पहिल्या वर्षी हाड दीड मिमीपर्यंत उतरलं तर चालतं, पुढे वर्षाला ०.२ मिमीपेक्षा जास्त नको. जुना फोटो नसेल तर तुलना कशाशी करणार?

खाडीकाठ:
मशेरीचं बोलायला धीर होत नव्हता, आज बोलतो. ग्राफ्ट साखर उतरल्यावर.