पाकटाचा काटा लागून आठ महिने झाले, घोट्याची गाठ अजून जात नाही

प्रश्न : बागाईतदारीण, नाशिक

गेल्या जानेवारीत आम्ही सहकुटुंब तारकर्लीला गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात होती आणि माझे यजमान हौसेने दोराला हात लावायला गुडघाभर पाण्यात उतरले. जाळ्यात परातीपेक्षा मोठे पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, होते. त्याने शेपटी फिरवली आणि काटा उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला घुसला. रापणकरांनी पाय लगेच सोसवेल तितक्या गरम पाण्यात ठेवला, त्यामुळे तासाभरात ठणका बराच उतरला. पुढे एका रुग्णालयात एक्स-रे न काढताच तीन टाके घालून आम्हांला परत पाठवण्यात आले.

जखम वरून भरली, पण तिथे बोराएवढी जांभळट गाठ आहे. ती दर तीन-चार आठवड्यांनी फुटते आणि करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात. द्राक्षांची गोडी छाटणी तोंडावर आली आहे आणि त्यांना दिवसभर बागेत उभे राहता येईल असे वाटत नाही. इथे एका डॉक्टरांनी मधुमेह तपासला, तो निघाला नाही. दुसऱ्यांनी क्षयाची शंका घेऊन औषधे सुरू करू असे सांगितले. घरातली वडील माणसे म्हणतात, विष अंगात मुरले. इतक्या महिन्यांनी विष खरोखर राहते का?

उत्तर १ : निवृत्त अस्थितज्ज्ञ, कॉलेज रोड

ताई, विष राहत नाही. ते प्रथिनांचे असते आणि उष्णतेने निकामी होते. सुमारे ४५ अंशांच्या पाण्याने आराम पडतो तो त्यामुळेच, तेव्हा रापणकरांनी केले ते योग्यच होते. विषामुळे आजूबाजूचे मांस मरते आणि जखम भरायला वेळ लागतो, हे मात्र खरे.

मागे राहतात त्या दोन वेगळ्या गोष्टी. पाकटाच्या काट्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे, मागे वळलेले दाते असतात. काटा आत सहज जातो, पण बाहेर येताना मांस फाडत येतो आणि त्याचे तुकडे किंवा वरचे आवरण आत राहू शकते. काटा हाडासारखा कठीण असल्याने मोठा तुकडा एक्स-रेत दिसतो. बारीक कपचे आणि आवरण निसटू शकते, म्हणून सोनोग्राफी किंवा एमआरआयही करून घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद असून पाण्यात राहतो आणि सुमारे ३० अंशांवर उत्तम वाढतो, म्हणूनच हातापायांच्या थंड भागांत मूळ धरतो. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर क्षयासारखाच दिसू शकतो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांची शंका अगदी निराधार नाही. पण क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांचा या जंतूवर सहसा उपयोग होत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत इथॅम्ब्युटॉल किंवा रिफॅम्पिसिन अशी जोडी काही महिने द्यावी लागते. म्हणून औषध सुरू होण्याआधी गाठीचा नमुना घ्यायला सांगा आणि प्रयोगशाळेच्या कागदावर ‘समुद्रातील जखम’ असे ठळक लिहून घ्या, कारण नेहमीच्या ३७ अंशांवर हा जंतू नीट वाढत नाही आणि अहवाल खोटाच ‘काही नाही’ असा येतो. नाशकात असे रुग्ण क्वचित येतात, त्यामुळे समुद्राचा विषय तुम्हीच काढला पाहिजे.

मुंग्यांचे म्हणाल तर करंगळीकडच्या कडेला संवेदना देणारी नस घोट्याच्या बाहेरच्या बाजूनेच जाते. तिला इजा झाली असेल किंवा गाठीचा दाब पडत असेल, हेही तपासून घ्या.

उत्तर २ : मालवणचा, सध्या सातपूर

आमच्याकडे वागळी, म्हणजे पाकट, जाळ्यात आली की आधी कोयत्याने शेपटीचा काटा छाटतात, मगच पुढचे काम. माझ्या काकांच्या तर्जनीत काट्याचे टोक राहिले होते. दोन वर्षांनी ते आपोआप वर आले आणि बोट तेवढ्यात आखडून गेले, अजून मूठ पूर्ण वळत नाही. ‘दर्याचो मार’ म्हणून त्यांनी ते सोडून दिले होते, तसे तुम्ही करू नका. घोटा रोज हलवत ठेवा.

उत्तर ३ : त्र्यंबकचा वाचक

तुकडा राहण्याची गोष्ट मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, चाव्यातही घडते. १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉडनी फॉक्स यांना मोठ्या मुशीने चावले. शेकडो टाके घालून ते वाचले, तरी दाताचा एक कपचा त्यांच्या मनगटात राहिलाच. हवाई बेटांत २००३ साली बेथनी हॅमिल्टन या तेरा वर्षांच्या मुलीचा डावा हात गेला आणि महिन्याभरात ती पुन्हा लाटांवर गेली, पण सगळ्यांना हे जमत नाही. अवयव गेल्यावर नसलेल्या हातापायात कळा येणे, पाण्याजवळ छातीत धडधडणे, रात्री दचकून उठणे हे वर्षानुवर्षे चालू राहू शकते. आमच्या डोंगरात उगम पावणाऱ्या वैतरणेच्या खाडीत, मनोरजवळ, फेब्रुवारी २०२४ मध्ये एका तरुणाच्या पायाचा मुशीने लचका तोडला, तेव्हापासून हा विषय मला लांबचा वाटत नाही. यजमानांना झोप नीट लागते का, हेही विचारा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. काल सोनोग्राफी झाली. गाठीखाली गव्हाच्या दाण्याएवढा कपचा दिसला असून मंगळवारी तो काढणार आहेत. नमुना कमी तापमानावर ठेवण्याचे प्रयोगशाळेने मान्य केले आहे, अहवाल यायला सहा आठवडे लागतील. झोपेचे विचारले तेव्हा यजमान हसले, पण गोदावरीच्या घाटावर ते आता शेवटच्या पायरीपर्यंत उतरत नाहीत, हे माझ्या आधीच लक्षात आले होते.