युद्धपदकं: झिजलेली घ्यावीत की कोरी?

नौपाडा_पदकं
नव्या संग्राहकांचा नेहमीचा प्रश्न: बजेट एकाच खरेदीचं असेल तर पहिल्या महायुद्धाचं, कडेवर सैनिकाचं नाव असलेलं, झिजलेलं ब्रिटिश वॉर मेडल घ्यावं, की दुसऱ्या महायुद्धाचा डबीतला, बिननावाचा कोरा संच? माझं स्पष्ट मत आहे, झिजलेलं घ्या.

वॉर मेडल ३६ मिमी व्यासाचं, ९२५ चांदीचं, वजन साधारण ३१ ग्रॅम. खरी किंमत कडेवर असते: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. तिथे '११७ मराठाज' दिसलं की शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. २९ एप्रिल १९१६ला तिथलं कुत शहर तुर्कांच्या हाती पडलं, तेव्हा ती वेढ्यातच होती.

झीजही वाचता येते. १९१४-१५चा स्टार (ताऱ्याच्या आकाराचं पदक), वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल एका पट्टीवर लावली की स्टारची टोकं चालताना शेजारच्या चांदीवर आपटतात. पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला, राजाच्या चेहऱ्यासमोरच्या कडेला बारीक खड्डे पडतात. त्रिकूट म्हणून विकायला ठेवलंय आणि चांदी तिथे गुळगुळीत आहे, तर तीन सुटी पदकं नंतर एकत्र केलीत का, असा संशय घ्यावा. कोऱ्या पदकात वाचायला हे काहीच नसतं.

ऐरोली_खाडीकाठ
नाही पटलं. तुम्ही जिला झीज म्हणता ती बरीचशी पॉलिशची असते. ब्रासो म्हणजे बारीक घासणी. वर्षानुवर्षं दर परेडआधी फडकं फिरलं की आधी राजाच्या भुवया-मिशा जातात, मग मागच्या घोडेस्वाराची मांडी सपाट होते, शेवटी कडेवरची अक्षरं. नावासाठी पैसे मोजायचे आणि नंबरचे दोन आकडे अंदाजाने वाचायचे, हा कसला संग्रह?

दुसरं, नाव बदललेली पदकं. जुनं नाव कानशीने काढून नवं कोरलेलं असतं. ओळखायचं कसं? व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी व्यास मोजा: घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा-सहा, तीन-नऊ आणि दोन तिरकस. कुठे अर्धा मिलिमीटर कमी भरला तर पदक बाजूला ठेवा. मग दहापट भिंगाखाली अक्षर बघा. वॉर मेडलवर नाव ठशाने दाबलेलं असतं, म्हणून रेघांची खोली सारखी दिसते. हाताने कोरलेल्या अक्षरात छिन्नी सुरू झाली तिथे रेघ बारीक आणि पुढे रुंद होते. पण पदक फार घासलेलं असेल तर या दोन्ही खुणा पुसलेल्या असतात. कोरं पदक हाताशी असलं की तुलनेला माप मिळतं, म्हणून नवशिक्याने सुरुवात त्यानेच करावी.

नौपाडा_पदकं
मापाचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी बिननावाचा संच कशाला? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या पदकांवर सरकारने नावं घातलीच नाहीत. पुढे त्यांच्या प्रती निघाल्या, गणवेशावर लावायच्या नकलाही सर्रास मिळतात. डबीतला चकचकीत स्टार तेव्हाचा की परवाचा, हे सांगायला नावाचा आधारच नसतो. रिबन अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळसर-पांढरी चमकली तर ती युद्धानंतरची समजा. मात्र तेवढ्यावर पदक खोटं ठरत नाही, रिबन बदलता येते.

शिवाय 'कोरं' म्हणून येणारं चांदीचं पदक पुष्कळदा सिल्व्हर डिपमध्ये बुडवलेलं असतं. तो द्राव काळपटपणासोबत चांदीचा पातळ थरही नेतो. अक्षरांच्या खाचांतसुद्धा एकसारखी पांढरट, मेलेली चमक दिसली तर हात आखडता घ्या.

१९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा ही वॉर मेडलं मोठ्या संख्येने मोडीत जाऊन वितळली. आजही सराफ वजनावरच भाव लावतो. पुसट का होईना, नाव असलेलं प्रत्येक पदक वाचवण्यासारखं आहे.

कोपरखैरणे_कपाट
दोघंही हवामान विसरताय. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि ओहोटीला खाडीच्या चिखलातून येणारा गंधकाचा वायू चांदी काळी करतो. कोऱ्या पदकाचं कोरेपण इथे टिकवावं लागतं.

प्लायवूडचा खण, लोकरी फेल्ट आणि रबरबँड टाळा. मऊ पीव्हीसीची पाकिटं तर नकोतच, त्यांतून सुटणाऱ्या आम्लामुळे पदकावर हिरवा चिकटा येतो. तो काढायला आधी रिबन उतरवा, मग काचेच्या भांड्यात शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये दहा मिनिटं पदक ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि वास घातलेला असतो. एनॅमल (रंगीत मुलामा) असलेलं पदक अ‍ॅसिटोनमध्ये टाकू नका. रिबन मूळ टाक्यांनी शिवलेली असेल तर ती उसवायची नाही आणि धुवायची तर नाहीच, रंग एकमेकांत उतरतात.

ठेवायला मायलरची (पारदर्शक पॉलिस्टरची) पाकिटं आणि घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४०च्या आसपास हवा. नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा.

भारतीय, चिनी अशा लेबर कोअरच्या (मजूर पलटणींच्या) लोकांना वॉर मेडल ब्राँझचं मिळालं. तसं झिजलेलं पदक घेताना खाचांत फिकट हिरवी भुकटी आहे का बघा. तो क्षारांचा रोग असतो, पुसला तरी दमट हवेत परत येतो.

ऐरोली_खाडीकाठ
ब्राँझचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. झिजलेल्या पदकाच्या आत काय चाललंय ते वरून कळत नाही.

नौपाडा_पदकं
भुकटी भिंगाखाली दिसते, आणि डबा कोरडा ठेवला तर रोग थांबतो. पुसलेलं नाव मात्र परत येत नाही, म्हणून ते शाबूत असेपर्यंत पदक हाती यायला हवं. शंभर वर्षांवरचं पदक घेताना एवढं लक्षात ठेवा: १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली ते देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकाच्या भरवशावर चढा भाव सांगणाऱ्याकडून घेऊ नका.