गुडघ्याखालची उशी आणि झोळ पडलेली बाज

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर गुडघ्याखाली उशी ठेवावी, असा सल्ला काही जण देतात. त्याने बरे वाटते हे खरे. परंतु गुडघा तासन्‌तास किंचित वाकलेला राहिला, तर मागचे स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण त्याच स्थितीत आखडते, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि चाल लंगडी होते. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवून गुडघा अधांतरी सोडावा व मांडीचा पुढचा स्नायू आवळून काही सेकंद धरावा. आपल्याकडे, विशेषतः जळगाव जिल्ह्याच्या चोपडा-यावल भागातील खेड्यांत, झोळ पडलेल्या बाजेवर झोपण्याची सवय आहे. तिथेही हाच दोष उद्भवतो, शिवाय ठेंगण्या बाजेवरून उठताना नव्या सांध्यावर नको तेवढा ताण येतो. निदान सुरुवातीचे महिने उंच, सपाट पलंग वापरावा, मग घरातील वडीलधारी कितीही कुरकुरोत.

खुर्चीवर नीट बसायला गुडघा साधारण 90 अंश वाकणे पुरते. पंगतीत मांडी घालून बसण्याची घाई मात्र शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय करू नये. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

पोटरी सुजून दुखू लागल्यास ती कोमट तेलाने चोळण्याचा आग्रह घरोघरी होतो, तो निक्षून टाळावा. शिरेत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, तेव्हा त्याच दिवशी जळगाव किंवा धुळे गाठून डॉपलर तपासणी (शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावी.