मदत हवी आहे: सर्जनच्या वागणुकीची तक्रार द्यायची आहे, सही करायला कुणीच तयार नाही

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार. पहिलाच धागा आहे, घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) एक सिनियर सर्जन आहेत. ओरडणं रोजचंच, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण शुक्रवारी हद्द झाली. क्लोजरच्या वेळी, म्हणजे टाके घालून बंद करताना, काउंट (वापरलेल्या वस्तूंची मोजदाद) सांगितला तर "मोजता येत नसेल तर ओटीत कशाला येता" म्हणत ट्रे ढकलून दिला. सगळी इन्स्ट्रुमेंट्स फरशीवर. भूलवाले डॉक्टर मॉनिटरकडे बघत राहिले.

मेट्रन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या लेखी आण, आणि चार-पाच जणांच्या सह्या घेऊन आण. बुधवारी दुपारपर्यंत. पेशंट सोडून खोलीत सहा जण होते. सगळे म्हणतात, "ताई तुम्ही लिहा, आम्ही पाठीशी आहोत." पाठीशी म्हणजे मागे, दिसणार नाही असे.

प्रश्न सरळ आहे. सह्या कशा मिळवायच्या? नमुना अर्ज असेल तर टाका प्लीज. "धीर धरा" वगैरे नको.

नेमकं_काय | मंगळवार, सकाळी ६:१०

"काउंट सांगितला" म्हणजे काय सांगितलं? जुळला की नाही जुळला? सर्जन पगारी की व्हिजिटिंग? ट्रे कुणाला लागला का? आणि सांगणारी सिस्टर तुम्हीच का?

रात्रपाळी | सकाळी ६:२५

व्हिजिटिंग. आठवड्यातून तीन दिवस येतात. लागलं कुणाला नाही. बाकीचं मुद्द्याचं नाही हो. नमुना आहे का कुणाकडे?

नेमकं_काय | सकाळी ६:२८

काउंट मुद्द्याचा नाही??

वाटसरू | सकाळी ७:०२

अशा ठिकाणी राहूच नये माणसाने. बायोडाटा एका पानाचा करा. सर्वांत वर अनुभव, शिक्षण खाली. छंद लिहू नका, कुणी वाचत नाही. फाइलच्या नावात "फायनल" हा शब्द नको, मी तीनदा "फायनल_नवीन" पाठवून बसलो होतो.

जुना_भूलतज्ज्ञ | सकाळी ७:४०

टेबलाच्या डोक्याच्या बाजूला मी तीस वर्षं उभा होतो, त्यामुळे मॉनिटरचं वाक्य झोंबलं. खरं आहे. मॉनिटरइतकी सुरक्षित जागा ओटीत दुसरी नाही. मीही बघितलंय तिकडे, सगळं नॉर्मल असताना.

पण ताई, सह्यांच्या भानगडीत पडू नका. पाच सह्यांचा कागद वर गेला की त्याला बंडाचा वास येतो. मग वागणूक राहते बाजूला आणि "हे गोळा कुणी केलं" याचीच चौकशी सुरू होते. त्यापेक्षा त्या सर्जनच्या बरोबरीच्या कुणीतरी त्याला गाठावं. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. जेराल्ड हिक्सन यांच्या गटाने याची पायऱ्यापायऱ्यांची रचनाच केली आहे, २००७ मध्ये त्यावर लेख आला. पहिल्या खेपेला बरोबरीचा डॉक्टर कॉफी पिता पिता सांगतो, "असं असं कानावर आलं, तुला माहीत असावं म्हणून सांगतोय." शिक्षा नाही, निवाडा नाही. पुन्हा पुन्हा तेच आलं तर त्याच्यासमोर आकडे ठेवायचे, मग वरिष्ठांनी सुधारणेची योजना ठरवून द्यायची, कारवाई सगळ्यात शेवटी. मी स्वतः दोन सर्जनशी असं बोललोय. एक सुधारला. दुसरा माझ्याशी बोलायचा बंद झाला, तोही फायदाच.

सरळसोट | सकाळी ८:१५

कॉफी पाजा ट्रे फेकणाऱ्याला! मोबाइल खिशात चालू ठेवायचा, पुढच्या वेळी रेकॉर्ड करायचं, व्हायरल. दोन दिवसांत सरळ होतो माणूस.

गुणवत्ता_डेस्क | सकाळी ८:३१

ओटीत रेकॉर्डिंग करू नका. टेबलावर भूल दिलेला पेशंट आहे, त्याची संमती कुठून आणणार? चौकशी उलटी तुमच्यावर येईल आणि सर्जन फिर्यादी होऊन बसेल.

सरळसोट | सकाळी ८:३३

मग फेकू द्या ट्रे.

गुणवत्ता_डेस्क | सकाळी ९:०५

भूलतज्ज्ञ सरांना एक जोड. त्याच रचनेत काही गोष्टी कॉफीच्या पायरीवर थांबतच नाहीत, थेट वर जातात. वस्तू फेकणं त्यात धरायला हवं असं माझं मत. ओरडणं आणि फेकणं एका मापाने मोजू नका.

ताई, मी हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात आहे, रोज असे कागद बघते. तुमचा कागद माणसाबद्दल असेल तर तो स्वभावाचा वाद होतो. "सर तसेच आहेत, पण हात सोन्याचा आहे", फाइल बंद. तोच कागद घटनेबद्दल असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने जुलै २००८ मध्ये यावर इशारापत्रक काढलं आणि १ जानेवारी २००९ पासून मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना आचारसंहिता आणि अशी वागणूक हाताळायची ठरलेली पद्धत बंधनकारक केली. पुढे २०१२ मध्ये त्यांनी "उपद्रवी वागणूक" हा शब्दच बदलला आणि "सुरक्षिततेच्या संस्कृतीला बाधा आणणारी वागणूक" असं म्हणायला लागले. पाल्हाळिक आहे, पण डोकं आहे त्यात. प्रश्न सरांच्या रागाचा नाही, त्या रागामुळे पुढच्या वेळी कोण काय बोलणार नाही याचा आहे.

म्हणून नेमकं_काय यांचा प्रश्न मीही विचारते. काउंट?

स्काल्पेल_अकरा | सकाळी १०:४४

एक सर्जन म्हणून लिहितो, दगड मारायचे तर मारा.

ट्रे ढकलणं चूक. पण चार तास उभं राहून रक्तस्राव आटोक्यात आणल्यावर चुकीचं इन्स्ट्रुमेंट हातात आलं की आवाज चढतो. टेबलावरचा माणूस माझ्या नावावर आहे. काही बिघडलं तर नातेवाईक मेट्रनची कॉलर धरत नाहीत.

दुसरं, हे "उपद्रवी डॉक्टर" लेबल फार सोयीचं आहे. जो डॉक्टर व्यवस्थापनाला नर्स कमी आहेत, ऑटोक्लेव्ह (निर्जंतुक करायचं यंत्र) बंद आहे म्हणून भंडावतो, त्याच्यावरच ते आधी चिकटतं. पॅट्रिक विरुद्ध बर्गेट हा खटला १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सहकाऱ्यांच्या परीक्षणाचा वापर एका स्पर्धक सर्जनला हुसकावायला केला, हीच तक्रार होती, आणि निकाल त्या सर्जनच्या बाजूने लागला. तेव्हा सह्या गोळा करताना जपून.

पांढरी_टोपी | सकाळी ११:०२

चार तास आम्हीही उभ्याच असतो, सर. आमचा आवाज चढला तर मेमो येतो.

स्काल्पेल_अकरा | सकाळी ११:०९

मी चूक म्हटलंय ना पहिल्याच ओळीत?

पांढरी_टोपी | सकाळी ११:११

हो. तीन शब्दांत. उरलेला सगळा परिच्छेद "पण"चा आहे.

कॉकपिट_काका | सकाळी ११:३०

विमान क्षेत्रात हा प्रश्न कधीच सोडवला गेला! २७ मार्च १९७७, टेनेरिफ. दोन जंबो जेट धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं की पॅन ॲमचं विमान अजून धावपट्टीवर नाही ना. कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक, त्याने ठामपणे उडवून लावलं. इंजिनियर पुढे बोलला नाही. त्यानंतर...

पांढरी_टोपी | सकाळी ११:३४

आलं विमान! आरोग्याच्या प्रत्येक धाग्यावर उतरतं.

कॉकपिट_काका | सकाळी ११:४०

उतरणारच, कारण लागू पडतं. तुमच्याच क्षेत्रातला टीमस्टेप्स हा प्रशिक्षणक्रम २००६ चा, तो यातूनच शिकला. एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचंच, असा नियम आहे त्यात. शब्दही चढते दिलेत. आधी "मला काळजी वाटते", मग "मला हे ठीक वाटत नाही", मग "हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे". तिसरं वाक्य आलं की हात थांबायला हवेत.

रात्रपाळी | दुपारी १२:१५

अहो, मला उद्या दुपारपर्यंत कागद द्यायचाय. खटले आणि विमानं काय सांगताय? निनावी पाठवलं तर चालेल का तेवढं सांगा.

गुणवत्ता_डेस्क | दुपारी १२:३०

खोलीत सहाच जण असताना निनावी काय राहणार? अक्षर नाही तर वाक्यरचनेवरून ओळखतील, आणि चुकीचं नाव काढलं तर ते आणखी वाईट.

लोक सही का देत नाहीत ते बघा. ड्युटी बदलायची भीती असतेच. पण त्याहून जास्त असतं ते "लिहून काय होणार?" आधी कुणीतरी लिहिलेलं असतं आणि त्याचं काय झालं ते कुणाला कधी कळलेलं नसतं. दुसरी गंमत म्हणजे, ॲमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात औषधांच्या चुका मोजल्या तेव्हा चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे लोक बोलत होते म्हणून. हे व्यवस्थापनाला उलगडून सांगावं लागतं, नाहीतर तक्रारी शून्य म्हणजे सगळं छान अशी पाठ थोपटून घेतात.

आता तिसऱ्यांदा विचारते. काउंट जुळला होता का?

रात्रपाळी | दुपारी २:४८

नव्हता. एक मॉप (आत रक्त टिपायला वापरतात ते कापड) कमी येत होता.

सापडला नंतर. बकेटमध्ये, दुसऱ्या मॉपला चिकटून. पेशंटला काहीही झालेलं नाही, तिसऱ्या दिवशी चालायला लागला. म्हणूनच म्हटलं मुद्द्याचं नाही. सगळे तेच म्हणतात, "सापडला ना, मग कशाला वाढवता."

जुना_भूलतज्ज्ञ | दुपारी ३:०५

बाई गं. हा मुद्द्याचा नाही तर मग मुद्दा कुठला? सापडला कधी? पोट बंद करण्याआधी की नंतर?

रात्रपाळी | दुपारी ३:२०

आधी. सर म्हणाले क्लोज करतो, तुम्ही शोधत बसा. स्क्रबला (सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट्स द्यायला) होती ती मुलगी नवीन आहे, चार महिने झालेत. ती म्हणाली, "सर, एक्स-रे होईपर्यंत नीडल होल्डर देणार नाही." त्याशिवाय टाके घालता येत नाहीत. तेव्हा ट्रे गेला. ती रडत होती, पण दिला नाही तिने. मग बकेट पुन्हा उपसली.

नेमकं_काय | दुपारी ३:२४

म्हणजे सांगणारी सिस्टर तुम्ही नव्हतात.

रात्रपाळी | दुपारी ३:५१

नाही. मी ओटी इनचार्ज आहे. फ्लोअरवर होते, दाराजवळ. सहातली एक मीच.

पांढरी_टोपी | दुपारी ३:५५

आणि बोललात का काही?

रात्रपाळी | दुपारी ४:१०

"सर, जाऊ द्या, मुलगी नवीन आहे" म्हणाले.

(शनिवारपासून तिने ड्युटी बदलून मागितली आहे. तिची सही मीही मागितलेली नाही.)

स्काल्पेल_अकरा | दुपारी ४:३०

माझं वरचं "पण" मागे घेतो. काउंट जुळत नसताना क्लोजर सुरू करायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेसाठीच्या २००८ च्या चेकलिस्टमध्येही शेवटच्या टप्प्यावर नर्सने काउंट मोठ्याने सांगायचा आहे. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा घातलेला असतो तो काय शोभेला? त्या मुलीला सांगा, मी असतो तर मीही ओरडलो असतो कदाचित, आणि चूक माझीच असती.

बेड_क्रमांक_सात | दुपारी ४:४१

माझ्या सासऱ्यांचे डॉक्टर राउंडला आले की अर्धं मिनिट थांबतात, अक्षर तर औषधवाल्यालाही लागत नाही. यांची तक्रार कुठे करायची?

पांढरी_टोपी | दुपारी ४:४५

वेगळा धागा काढा हो.

अक्षरावरून आठवलं. ऑर्डर वाचता आली नाही तरी फोन करायला आम्ही घाबरतो. २००३ मध्ये औषध सुरक्षिततेवर काम करणाऱ्या आयएसएमपीने पाहणी केली होती. जवळजवळ निम्मे म्हणाले की आधी खाल्लेल्या बोलण्यांमुळे शंका विचारायची आपली पद्धतच बदलली. कुणी फार्मासिस्टला विचारतं, कुणी दुसऱ्या सिस्टरला, कुणी अंदाजाने देतं. ज्याने लिहिलं त्याला सोडून सगळ्यांना.

कॉकपिट_काका | दुपारी ४:५८

टेनेरिफला पण हेच...

गुणवत्ता_डेस्क | संध्याकाळी ५:१५

ताई, आता खरं उत्तर. अर्ज लिहूच नका, घटना अहवाल भरा. त्याला सह्यांची गरज नसते. ज्याने पाहिलं तो भरतो, आणि पाहिलं तुम्ही. बाकीचे कुठे उभे होते ते पदानुसार लिहा, चौकशी करणारा त्यांना विचारेल. विचारल्यावर लोक बोलतात, आपणहून सही देत नाहीत. त्या मुलीला विचारल्याशिवाय तिच्या तोंडची वाक्यं घालू नका. पोच घ्या. आणि तिची ड्युटी बदलण्यावर तुमची सही लागत असेल तर आधी तिच्याशी बोला.

रात्रपाळी | रात्री १०:३७

फोन केला तिला. म्हणाली, लिहा. मसुदा असा:

"शुक्रवारी शस्त्रक्रियेच्या शेवटी मॉपचा काउंट एकने कमी आला. स्क्रब सिस्टरने तसे दोनदा सांगितले व एक्स-रेची मागणी केली. त्यावर सर्जन उर्मटपणे बोलले व त्यांनी इन्स्ट्रुमेंटचा ट्रे ढकलून पाडला. काही वेळाने मॉप बकेटमध्ये सापडला. मी ओटी इनचार्ज म्हणून खोलीत हजर होते. मी हस्तक्षेप केला नाही."

नेमकं_काय | रात्री १०:४५

"उर्मटपणे" काढा, तो तुमचा शब्द आहे. त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाका. "काही वेळाने" म्हणजे किती मिनिटांनी?

रात्रपाळी | रात्री १०:५२

अकरा. भूलतज्ज्ञांच्या चार्टवर वेळ आहे. निदान तेवढं लिहिलंय त्यांनी.

जुना_भूलतज्ज्ञ | रात्री ११:०४

शेवटचं वाक्य ठेवणार आहात?

रात्रपाळी | रात्री ११:०९

हो.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ३:३०

दिला. मेट्रन म्हणाल्या सह्या कुठायत. म्हटलं हा अर्ज नाही, अहवाल आहे. पोच घेतली.

सर उद्या पुन्हा लिस्टवर आहेत, सकाळची पहिलीच केस. स्क्रबला उभं राहायला कुणी तयार नाही, मीच जाते.

वाटसरू | दुपारी ३:४४

लिस्टवर नाव लागलं? अभिनंदन! बायोडाटा एका पानाचाच केला होतात ना?