मदत हवी आहे: हीथ्रो ते केंब्रिज, शहरातलं ड्रायव्हिंग आणि आजूबाजूचे रस्ते

सिंहगडरोडवाली:

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर भाच्याला केंब्रिजला सोडायला जायचं आहे. तीन मोठी माणसं, भाचा, चार मोठ्या बॅगा आणि कुकर-भांड्यांचं एक खोकं. हीथ्रोहून ऑटोमॅटिक एस्टेट (मागे लांब डिकीवाली) गाडी भाड्याने घेतोय. लायसन्स महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड आहे, सोबत आंतरराष्ट्रीय परमिटही काढलं आहे. मुक्काम शहराबाहेर केंबोर्नला. भाच्याचं कॉलेज मॅडिंग्ली रोड आणि हंटिंग्डन रोडच्या मधल्या भागात. एका संध्याकाळी क्वीन ईडिथ्स वे भागात ओळखीच्यांकडे जेवायला जायचंय, एक दिवस ईली आणि एक दिवस मिल्टन कीन्स.

नकाशा दर वेळी वेगळा रस्ता दाखवतो. एम११ मोटरवेच्या नक्की कुठल्या जंक्शनला उतरायचं? शहरात शिरायला रोज पाच पौंड पडतात म्हणे, ते खरं का? आणि मध्यवर्ती भागात गाडी कुठे लावायची?

फेनकाठ:

पाच पौंडांची गोष्ट ऑक्सफर्डची. तिथे २९ ऑक्टोबर २०२५ पासून सहा ठिकाणी मोटारींना तो चार्ज लावला आहे. केंब्रिजमध्येही असा प्रस्ताव आला होता, पण सप्टेंबर २०२३ मध्ये तो बारगळला. त्यामुळे केंब्रिजात शिरायचे पैसे नाहीत. पैसे जातात ते चुकीच्या गल्लीत शिरल्यावर. त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच, मी बाहेरच्या रस्त्यांचं सांगतो.

हीथ्रोहून एम२५ उत्तरेकडे, म्हणजे फलकावर एम४०, एम१ लिहिलेली बाजू. जंक्शन २७ ला एम११, फलकावर केंब्रिज. एकूण साधारण ७० मैल. रस्ता मोकळा असेल तर दीड तास, शुक्रवारी दुपारी अडीच तासही लागू शकतात. एम२५ वर लेनच्या डोक्यावर लाल वर्तुळात आकडा दिसला की ती सक्तीची वेगमर्यादा असते, कॅमेरेही असतात. लाल फुली दिसली तर ती लेन बंद, पुढे रिकामी दिसली तरी त्या लेनमधून जायचं नाही. एम११ वर सर्व्हिस स्टेशन एकच, जंक्शन ८ जवळचं बर्चॅन्गर ग्रीन. चहा, बाथरूम सगळं तिथेच उरका. केंब्रिजजवळ एम११ दोनच लेनचा होतो आणि एक ट्रक दुसऱ्याला ओलांडायला निघाला की मागे रांग लागते.

आता तुमचा खरा प्रश्न. केंबोर्न ए४२८ वर आहे. नकाशात जंक्शन १४ ला, म्हणजे गिर्टनला, एम११, ए१४ आणि ए४२८ एकत्र येताना दिसतात. साहजिकच वाटतं की तिथून डावीकडे वळलं की झालं. पण एम११ वरून उत्तरेकडे येताना गिर्टनला ए४२८ वर जाण्याचा रॅम्पच नाही. उलट दिशेनेही नाही. म्हणून जंक्शन १३ ला उतरा, डावीकडे ए१३०३ धरा, मॅडिंग्लीचा चढ चढा. माथ्यावर मॅडिंग्ली मल्च नावाचा राउंडअबाउट (गोल चौक) आहे, तिथून ए४२८ ला लागा. केंबोर्न तिथून पाचेक मैल.

१३ हुकलं तर घाबरू नका, मागे वळायचा प्रयत्नही करू नका. आपोआप ए१४ ला लागाल. बार हिलला उतरा आणि ड्राय ड्रेटन गावातून हार्डविककडे या, तिथे ए४२८ मिळतो.

परतताना तोच सापळा उलटा. केंबोर्नहून ए४२८ ने पूर्वेला येताना मॅडिंग्ली मल्चला उतरून ए१३०३ ने जंक्शन १३ गाठायचं आणि एम११ दक्षिणेकडे पकडायचा. सरळ गेलात तर ए१४ वर मिल्टनच्या दिशेने जाल आणि विमानाच्या वेळेची काळजी सुरू होईल. लक्षात घ्या, जंक्शन १३ अर्धंच आहे: लंडनकडून येताना उतरता येतं, लंडनकडे जाताना चढता येतं, बाकी काही नाही.

गिअरबॉक्स:

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. त्यात भर: रात्रभर विमानात बसून उतरल्यावर लगेच एम२५ वर जाऊ नका. विमानतळाजवळ दोन-तीन तास काढा किंवा गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. आणि चार मोठ्या बॅगा एस्टेटमध्ये बसतात, पण मागचा आरसा झाकला जाईल इतक्या रचू नका.

डावी_लेन:

शहराच्या आतलं लिहितो.

केंब्रिजचा मध्य चाकाच्या आऱ्यांसारखा वापरायचा: बाहेरून आत जायचं, त्याच बाजूने बाहेर यायचं. आरपार जायला वाटा दिसतात, पण त्यांच्यावर कॅमेरे आहेत. सिल्व्हर स्ट्रीट, ब्रिज स्ट्रीट, इमॅन्युएल रोड ही मुख्य नावं. तिथे पूर्वी जमिनीतून वर येणारे खांब होते, आता नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आहेत. त्यामुळे चूक झाल्याचं तिथल्या तिथे कळतही नाही. दंड ७० पौंडांचा, लवकर भरला तर निम्मा. भाड्याच्या गाडीत नोटीस आधी कंपनीकडे जाते आणि कंपनी आपलं प्रशासकीय शुल्क वेगळं लावते.

मिल रोडवर भारतीय किराणा मिळतो, म्हणून सगळे तिकडे जातातच. मिल रोडच्या मधोमध रेल्वेचा पूल आहे आणि त्यावरून खासगी गाड्यांना बंदी आहे. दुकान पुलाच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहा. शहराच्या बाजूचं असेल तर ईस्ट रोड-गॉनव्हिल प्लेसच्या चौकातून या, पलीकडचं असेल तर पर्न रोडच्या बाजूने. नॅव्हिगेशन कधीकधी सरळ पुलावर नेतं.

शहराला वळसा घालायचा तर आतला वर्तुळाकार मार्ग असा: क्वीन्स रोड, फेन कॉजवे, लेन्सफील्ड रोड, गॉनव्हिल प्लेस, ईस्ट रोड, एलिझाबेथ वे, चेस्टरटन रोड, नॉर्थॅम्प्टन स्ट्रीट. सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा हा मार्ग टाळा.

पार्किंग: ग्रँड आर्केड सगळ्यात मध्यात, म्हणून रांगही तिथेच. शनिवारी दुपारी डाउनिंग स्ट्रीटपासून मागे खोळंबा असतो आणि त्या रांगेत एकदा अडकलं की बाहेर पडणं अवघड. क्वीन अ‍ॅन टेरेस (पार्कर्स पीसच्या कडेला) बरं, चालत दहा-बारा मिनिटं. पण तुमच्यासारख्यांनी आत गाडी नेऊच नये. मॅडिंग्ली रोडचं पार्क अँड राइड (गाडी शहराबाहेर लावून बसने आत जायची सोय) जंक्शन १३ ला लागूनच आहे, केंबोर्नहून वाटेवर. १८ तासांपर्यंत पार्किंग फुकट, फक्त बसचं तिकीट. अशी पाच केंद्रं आहेत: मॅडिंग्ली रोड, ट्रम्पिंग्टन, बॅब्रॅहम रोड, न्यूमार्केट रोड, मिल्टन.

किंग्ज कॉलेजसमोरचा किंग्ज परेड दिवसा गाड्यांना बंद असतो. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले ते सेंट जॉन्स कॉलेजही त्याच पट्ट्यात, तेही पायीच बघायचं.

सायकलवाला_काका:

या गावात गाडीपेक्षा सायकलकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. चार गोष्टी पाठ करा.

डावीकडे वळण्याआधी डावा आरसा आणि मान वळवून खांद्यावरून एक नजर. तुमच्या डाव्या अंगाने सरळ जाणाऱ्या सायकलला आधी जाऊ द्यायचं. २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये (तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत) हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच बदलात असंही आहे की तुम्ही ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडायला कुणी कडेला उभं असेल, तर त्यालाही थांबून जाऊ द्यायचं. आपल्याकडे हॉर्न वाजवून पुढे काढतो, तसं इथे अजिबात नाही. ओलांडताना किमान दीड मीटर अंतर. तेवढी जागा नसेल तर सायकलमागे संथ चालवा, पाठीमागचा कुणी काही बोलत नाही. आणि कडेला थांबल्यावर दार उघडताना लांबच्या हाताने उघडा, म्हणजे मान आपोआप मागे वळते.

आता क्वीन ईडिथ्स वे. केंबोर्नहून एम११ ने जंक्शन ११ ला उतरा, ट्रम्पिंग्टनमधून उजवीकडे लाँग रोड, शेवटी हिल्स रोडचा चौक, तो सरळ ओलांडला की क्वीन ईडिथ्स वे. अ‍ॅडनब्रुक्स हॉस्पिटलच्या आवारातून छोटा रस्ता दिसेल, तिथून आरपार जायला खासगी गाड्यांना मनाई आहे.

पुढे फेन्डन रोडपाशी ब्रिटनमधला पहिला डच पद्धतीचा राउंडअबाउट आहे, जुलै २०२० मध्ये सुरू झालेला. नवखा माणूस हमखास गोंधळतो, म्हणून क्रमाने सांगतो. आत शिरताना आधी झेब्रा येतो: पादचारी असेल तर थांबा. मग लाल रंगाचा सायकलचा गोल येतो: सायकल कुठल्याही बाजूने येत असेल तर थांबा. त्यानंतर नेहमीसारखं उजवीकडून येणाऱ्या गाड्यांना जाऊ द्या. बाहेर पडताना हेच उलट: आधी सायकलचा गोल, मग झेब्रा. बाहेर पडताना थांबावं लागलं तर गाडीचा मागचा भाग गोलातच राहतो आणि मागचे सगळे थांबतात. ते तसंच अपेक्षित आहे, गडबडून पुढे सरकू नका. मधली लेन मुद्दाम अरुंद ठेवली आहे, वेग आपोआप उतरावा म्हणून.

ए१४ची_वारी:

एक धोका कुणी लिहिला नाही: गायडेड बसवे. २०११ पासून सुरू आहे. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांवरून फक्त बस जाते. जिथे तो रस्त्याला येऊन मिळतो, तिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये मुद्दाम खड्डा ठेवला आहे. बसचा पल्ला रुंद, ती वरून जाते. गाडीची चाकं आत जातात, इंजिनाखालचा ऑइलचा सम्प आपटून फुटतो आणि क्रेन येईपर्यंत बसही अडकते. ट्रम्पिंग्टनच्या पार्क अँड राइडजवळ बसवेचं एक टोक आहे, त्यामुळे तिकडे गेलात तर नॅव्हिगेशनपेक्षा फलक पाहा. 'कार ट्रॅप' असा फलक असतो, तो गमतीने लावलेला नाही.

मिल्टन कीन्सला जाताना ए४२८, मग ए४२१, बेडफर्डला बगल देऊन एम१ चं जंक्शन १३ ओलांडून पुढे. केंबोर्नच्या पुढे कॅक्स्टन गिबेट ते ब्लॅक कॅट या पट्ट्यात नव्या चौपदरी रस्त्याचं काम डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. निघायच्या आदल्या रात्री नॅशनल हायवेजच्या साइटवर वळणरस्ते बघून घ्या. मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउट मोजत बसू नका: आडवे रस्ते एच, उभे व्ही. पाहुण्यांकडून एच किती आणि व्ही किती एवढं विचारून घ्या, घर सापडतं.

सिंहगडरोडवाली:

सगळ्यांचे खूप आभार. जंक्शन १३ वहीत लाल पेनाने लिहिलं. दोन शंका राहिल्या. कॉलेजच्या आसपास सगळीकडे पिवळ्या रेघा दिसतात, मग सामान उतरवायचं कुठे? आणि ईलीला जाताना शेतांमधले छोटे रस्ते दिसतात, ते घेतले तर चालतील का?

डावी_लेन:

ताई, आधी कॉलेजची ईमेल नीट वाचा. येण्याची वेळ ठरवून देतात, कुठल्या फाटकाने यायचं तेही असतं. ती वेळ पाळली तर प्रश्नच येत नाही.

रस्त्यावर उतरवायचं झालं तर पिवळी रेघ आणि फुटपाथच्या कडेचा दगड, दोन्ही बघायचं. रस्त्यावरच्या दोन पिवळ्या रेघा म्हणजे गाडी उभी ठेवायची नाही. पण कडेच्या दगडावर आडव्या पिवळ्या खुणा नसतील, तर जड सामान चढवणं-उतरवणं चालतं. दगडावर एकेरी खूण असेल तर फलकावरच्या वेळात मनाई, दुहेरी असेल तर कधीच नाही. काम सलग चालू दिसलं पाहिजे: बॅगा दारात ठेवा, एक जण गाडी हलवा. वर जाऊन पलंगावर चादर घालून देणं यात बसत नाही. बस लेन आणि रहिवाशांच्या परमिटच्या जागा यांना ही सवलत लावू नका.

फेनकाठ:

ईलीला मुख्य रस्त्यानेच जा. केंबोर्नहून ए४२८ सरळ धरा (या वेळी मॅडिंग्ली मल्चला उतरायचं नाही), तो ए१४ पूर्वेला मिळतो, जंक्शन ३३ मिल्टनला उतरून ए१०. येण्या-जाण्याला एकेकच लेन, ट्रक बरेच, ओव्हरटेकच्या फंदात पडू नका.

फेनमधले (ईलीभोवतीच्या सखल, पूर्वी दलदल असलेल्या भागातले) छोटे रस्ते नकाशावर सरळसोट दिसतात, मर्यादाही बऱ्याच ठिकाणी ६० मैल. पण खालची जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडापाल्याची. सतराव्या शतकापासून पाणी काढून ती सुकवली, सुकली तशी ती आकसत आणि खचत गेली. त्यामुळे डांबर लाटांसारखं वरखाली होतं आणि एका बाजूला कलतं. सामान भरलेली गाडी ५० ला सुद्धा उसळते. कडेला खोल कालवा, मध्ये कठडा नाही, रात्री दिवेही नाहीत. अशा रस्त्यावर ३५-४० पुरे. समोरून ट्रॅक्टर आला तर कडेच्या गवतात चाक घालू नका, ती कड भुसभुशीत असते. रुंद जागा बघून थांबा, त्याला जाऊ द्या.

ईलीच्या स्टेशनजवळचा रेल्वेपूल फक्त २.७ मीटर उंचीचा आहे. एस्टेट आरामात जाते, मात्र ऐनवेळी गाडी बदलून उंच व्हॅन मिळाली तर बायपास घ्या. आणि हिवाळ्यात पुन्हा गेलात तर वेल्नीचा ए११०१ नकाशात उघडा दिसला तरी आधी खात्री करा. आजूबाजूची कुरणं भरली की तो रस्ता पाण्याखाली जातो.