समुद्राचं एवढं पाणी खरंच पृथ्वीच्या पोटातून आलं का?

खडूफळा: लेकीचा अभ्यास घेताना अडकलोय. पुस्तकात एवढंच दिलंय की पृथ्वीच्या पोटातले वायू बाहेर पडले, त्यातून हवा झाली नि वाफ थंड होऊन समुद्र. ती विचारते, बाबा दगडात एवढं पाणी मावलं कुठे? आणि ज्वालामुखीचा वायू विषारी, मग आपली हवा अशी कशी?

तप्तशिळा: छान विचारलंय पोरीने! पाणी वितळलेल्या दगडात विरघळलेलं असतं, सोड्याची बाटली उघडली की दाब उतरून बुडबुडे सुटतात ना, हा वितळलेला दगड म्हणजे मॅग्मा वर येताना तसंच होतं. सच्छिद्र लाव्हाचा दगड मिळाला तर तिच्या हातात द्या, एकेक भोक म्हणजे वायूचा बुडबुडा होता. त्या वायूत बहुतेक वाफच, मग कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू, थोडा नायट्रोजन. वाफेचं पाणी झालं, कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून पुढे चुनखडीत जाऊन बसला, नायट्रोजन सहसा कशाशी संयोग पावत नाही म्हणून साठत साठत आज 78 टक्के. शुक्रावर समुद्र नाही, तिथे अजून 96 टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे. ऑक्सिजन मात्र ज्वालामुखीचा नाही हां, तो जिवाणूंनी बनवला, हवेत टिकायला लागला साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी.

निळीवाफ: आर्गॉन राहिला की! हवेत 0.93 टक्के आहे आणि जवळपास सगळा आर्गॉन-40, जो खडकातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-40 पासून तयार होतो, त्या पोटॅशियमचं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) 125 कोटी वर्षं. म्हणजे तो आतूनच आलाय, यात शंकाच नाही. आपण एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो, त्यात साडेचार मिलिलिटर हाच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती वेळ नुसता श्वास घेत बसले होते.

तळगाळ: वरचं पटलं, पण पृथ्वीच्या पोटात पाणी आलं कुठून हे राहिलंच. धूमकेतूंनी आणलं म्हणतात, पण 2014 मध्ये रोझेटा यानाने 67पी धूमकेतूची वाफ तपासली तर त्यात जड हायड्रोजनचं (साध्याच्या दुप्पट वजनाचा हायड्रोजन, पाणी कुठलं ते ओळखायची खूण) प्रमाण समुद्राच्या तिप्पट निघालं, त्यामानाने कार्बनयुक्त उल्कांचं पाणी आपल्याशी जास्त जुळतं. आणि मिठाचंही सांगा तिला, त्यातलं सोडियम खडक झिजून आलं पण क्लोरीन एवढं जास्त आहे की नुसत्या झिजेतून येणं शक्य नाही, ते ज्वालामुखीच्या वायूंतून आलं, रुबी नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1951 मध्ये हाच हिशोब मांडला होता.

खडूफळा: मिठाचं सांगितलं तर डबीतलं मीठ तळहातावर घेऊन बघत बसलीये, आता विचारतेय यातला ज्वालामुखीचा भाग कुठला.