मदत हवी आहे: घरबसल्या ट्रान्स्क्रिप्शन, सुरुवात कशी? (तातडीने!)

धायरीफाटा | बुधवार, दुपारी ४:१०

नमस्कार. घरून ट्रान्स्क्रिप्शनचं, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करण्याचं, काम सुरू करायचं आहे. लॅपटॉप आहे, नेट आहे, टायपिंग येतं. दुपारी ११ ते ३ आणि रात्री मुलगा झोपला की वेळ मिळतो. एका ठिकाणाहून टेस्ट फाइल आली आहे, १२ मिनिटांची. काल ४ मिनिटं करायला दीड तास गेला! माझं काय चुकतंय? सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? हेडफोन कुठला? उद्या दुपारी २ पर्यंत द्यायचंय. 'गूगल करा' म्हणू नका, दोन दिवस तेच करतेय.

पेठी_कळफलक | ४:३२

भाषा कुठली? किती जण बोलतायत? टायपिंग कशावर करता, वेग किती? देणारा कोण? यातलं काहीच सांगितलं नाहीत आणि हेडफोन विचारताय.

निवृत्तनाना | ४:५५

या क्षेत्रात मी ७ वर्षं काढली आहेत. अमेरिकन डॉक्टरांचं डिक्टेशन, रात्रपाळी, पुण्यात तेव्हा या कामाचं पेवच फुटलं होतं. पैसे ओळीवर. ६५ अक्षरांची एक ओळ, स्पेस धरून. ऐकताना 'हायपर' की 'हायपो' हे चुकलं की क्वालिटीवाली बाई फाडून खायची, आणि बरोबरच होतं तिचं, एका अक्षरात रोग उलटा होतो. तेव्हा आधी मेडिकल टर्मिनॉलॉजीचं चांगलं पुस्तक घ्या, अप्पा बळवंत चौकात मिळेल. शरीररचना पाठ करा. मग पुढचं बोलू.

धायरीफाटा | ५:०५

नाना, मेडिकल नाहीये हो. मराठीच आहे, मुलाखत. विचारणारा एक आणि एक गावाकडची बाई. टायपिंग ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी होतं, ते.

पेठी_कळफलक | ५:११

घ्या! तिथेच घोडं पेंड खातंय. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. सी-डॅक ही संगणक संस्था आपल्या पुण्यातली, तिथल्या लोकांनी भारतीय भाषांसाठी इतकं काम करून ठेवलंय आणि आपण अजून 'aamhi' बडवतोय. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एकदा बसलं की बोटं आपोआप पळतात. क्लास लावून सरकारी टायपिंगची मराठी ३० ची परीक्षाच देऊन टाका.

मिंग्लिशराव | ५:२०

काकांनू, बाईंना उद्या दुपारी २ ला फाइल द्यायचीय आणि तुम्ही परीक्षेचा फॉर्म भरायला पाठवताय. मी ६ वर्षं फोनेटिकवर लिहितोय, काही अडत नाही.

पेठी_कळफलक | ५:२४

'सुऱ्या' आणि 'सूर्या' एका दमात लिहून दाखवा. यादीतून शब्द न निवडता.

मिंग्लिशराव | ५:३१

ट्रान्स्क्रिप्शनमध्ये सुऱ्या किती वेळा येतात?

पेठी_कळफलक | ५:३३

शेतकऱ्यांच्या मुलाखतीत 'शेतकऱ्या' किती वेळा येतो ते मोजा.

कोडेश्वर | ६:०२

सगळेच २००५ मध्ये अडकलेत. २०२२ ला ओपनएआयने व्हिस्पर, आवाज ऐकून मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर, फुकट सोडलं, मराठी येतं त्याला. फाइल टाका, चहा घ्या, मजकूर तयार. हे काम वर्षभरात संपणार आहे. ताई, दुसरं काहीतरी शिका.

कान_देऊन | ६:४०

गेली ५ वर्षं हेच करते, बहुतेक संशोधकांच्या मुलाखती. कोडेश्वर, मीही टाकून पाहिलंय. बातमी वाचल्यासारखं कोणी बोललं तर ठीक. माझ्या फाइलमध्ये माण तालुक्यातल्या एक आजी म्हणाल्या, 'इहिरीनं तळ गाठला.' मशीनने लिहिलं, 'हिरोईनने तळ गाठला.' त्याहून वाईट म्हणजे आजी गप्प बसल्या तिथे त्याने स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं. ते वाचायला इतकं बरोबर वाटतं की न ऐकता सापडतच नाही. शिवाय लोकांच्या खासगी मुलाखती न विचारता कुठल्याही साइटवर चढवायच्या नसतात.

धायरीफाटा, कालच्या वेगाने तुमची उरलेली ८ मिनिटं ३ तासांत होतील, म्हणजे उद्याचं जमतंय, घाबरू नका. पण तासाभराच्या मुलाखतीला साडेबावीस तास लागतील, ते परवडणार नाही. मला आता तासाच्या फाइलला ५ तास लागतात, सुरुवातीला ८ लागायचे. मी ऑडिओच्या मिनिटाला २५ रुपये घेते. म्हणजे फाइलचे १५००, कष्टाच्या तासाला ३००. पैसे ऑडिओच्या मिनिटावर असतात, तुमच्या मिनिटावर नाही. हे न विचारता काम घेऊ नका.

आज रात्री असं करा. आधी हात न लावता १२ मिनिटं सलग ऐका. त्या बाईंच्या बोलण्याची लय कानात बसली की निम्मे शब्द आपोआप उलगडतात. मग ओट्रान्स्क्राइब उघडा, ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, फाइल तुमच्याच मशीनवर राहते. एस्केप दाबलं की थांबतं-चालू होतं, कंट्रोल-जे ने मजकुरात त्या क्षणाची वेळ उमटते. माउसला हात लावायचा नाही, तुमचा दीड तास बहुधा माउसने खाल्लाय. एखादा शब्द तीनदा ऐकून कळला नाही तर [अस्पष्ट ००:०३:४१] लिहून पुढे. शेवटी परत ऐकताना तो कळतो.

आणि त्यांना शब्दशः हवंय की साफ, ते विचारलंत का? शब्दशः म्हणजे:

उ: आता, म्हंजी, इहिरीनं तळ गाठला न्हवं का, मग... मग आमी ऊस मोडला.

साफ म्हणजे:

उ: विहिरीने तळ गाठला, मग आम्ही ऊस मोडला.

पहिल्यात बाई आहे. दुसऱ्यात नुसती माहिती. संशोधकांना बहुतेक वेळा पहिलं हवं असतं, आणि आपण शाळेतल्या सवयीने दुसरं लिहून देतो.

हेडफोन: कान पूर्ण झाकणारा, वायरचा. हजाराच्या आतला चालेल.

निवृत्तनाना | ७:०५

आम्ही पायाखालचं पेडल वापरायचो. हात कीबोर्डवरून हलतच नसे. माझं माळ्यावर असेल. आमच्या हिला विचारून सांगतो.

गुरुवारग्रस्त | ७:१८

कोणाच्या लक्षात आलं नाही, उद्या गुरुवार आहे. आमच्याकडे सकाळी १० ला देखभालीसाठी लाइट जाते ती कधी येईल ते महावितरणच जाणे. लॅपटॉप रात्रीच चार्ज करा. पाणीपण भरून ठेवा.

धायरीफाटा | ७:४५

कान_देऊन, खूप खूप आभार!! माउसच वापरत होते. शब्दशः की साफ विचारलं नाही, त्यांच्या माणसाला फोन लागत नाही, फक्त व्हॉट्सॲप. अजून एक, टेस्ट पास झाल्यावर २,५०० रुपये डिपॉझिट आहे, ते परत मिळतं ना सहसा?

कान_देऊन | ७:४८

थांबा. कसलं डिपॉझिट?

धायरीफाटा | ७:५५

रजिस्ट्रेशनचं. करारपण पाठवलाय, शिक्का आहे त्यावर. ९८ टक्के अचूक आलं नाही तर दंड असं लिहिलंय. आधार आणि पॅनचे फोटो सोमवारी पाठवले. हे आधी सांगायला हवं होतं का?

मिंग्लिशराव | ७:५७

हेच आधी सांगायला हवं होतं!!

पेठी_कळफलक | ८:०१

मिंग्लिशरावांशी सहमत. (तारीख नोंदवून ठेवा.) काम देणारा पैसे देतो, घेत नाही. दंडाचं कलम यासाठीच की उद्या काहीही दिलंत तरी ९८ भरणार नाहीत, मग वकिलाच्या नावाने धमकीचे फोन. माझ्या भाचीचे असेच ४,००० गेले.

कान_देऊन | ८:०६

पैसे पाठवू नका. ओटीपी कोणी मागितला तर देऊ नका. सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढा आणि मगच ब्लॉक करा. धमकी आली किंवा पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा, ॲपवरून होतं.

कोडेश्वर | ८:१५

म्हणूनच म्हणत होतो, दुसरं काहीतरी शिका.

धायरीफाटा | ९:२०

लॉक केलं. भरणार नाही म्हटल्यावर त्यांनी ९९९ केले, 'आज रात्री १२ पर्यंतच'. स्क्रीनशॉट काढून ब्लॉक केलं. फाइल मात्र पूर्ण करणार आहे, सरावाला. ५ मिनिटं झाली, पाऊण तासात. बाई मधेच ओवी म्हणते, ती कशी लिहायची?

कान_देऊन | ९:३१

[ओवी गाते] असं लिहून ओळी तोडून. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे पुढच्या आठवड्यात २० मिनिटांची एक फाइल येतेय, खरी.

निवृत्तनाना | ९:४०

पेडल सापडलं. पण पिन जुनी आहे, गोल. आताच्या लॅपटॉपला बसत नाही.

सुखी_माणूस७७ | गुरुवार, सकाळी १०:५२

ताई, मलापण घरबसल्या काम हवं आहे. डिपॉझिट भरायची तयारी आहे. नंबर व्यनि करा.